गुलदार बुडवा, पण त्याला संवर्धन म्हणू नका

निळाई
आयएनएस गुलदार ही नौदलातून जानेवारी २०२४ मध्ये निवृत्त झालेली युद्धनौका, रणगाडे किनाऱ्यावर उतरवणारी. ती सिंधुदुर्गातल्या निवती रॉकजवळ तळाशी बसवून पाण्याखालचं संग्रहालय आणि कृत्रिम रीफ, म्हणजे माशांच्या आसऱ्यासाठी बनावट खडक, करायची पर्यटन महामंडळाची योजना आहे. खर्च सुमारे ४७ कोटी. पर्यटन म्हणून खुशाल करा. "सागरी संवर्धन" हे लेबल मात्र पटत नाही. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ पासून आहे, २९.१२ चौरस किलोमीटर. तिथे खऱ्या प्रवाळावर होड्यांचे नांगर पडतात. पाण्यात उतरलेल्या गिऱ्हाईकाच्या हातात बिस्किटं देतात, म्हणजे पट्टेरी मासे व्हिडिओपुरते जमतात. अर्धं बिस्कीट विरघळून खडकावर बसतं. हे थांबवायला ४७ कोटी लागत नाहीत.

खाडीपार
अहो, म्हणून तर जहाज हवं! सगळी गर्दी त्याच चार खडकांवर तुटून पडते. निम्मी जरी निवतीला वळली तरी प्रवाळाला उसंत मिळेल. लोखंडाला लाथ लागली तर काय बिघडतंय? वाळूच्या तळावर काही उभं राहिलं की आधी शेवाळ धरतं, मग बार्नेकल (चिकटून राहणारे कवचधारी जीव), मग बारके मासे, त्यांच्यामागे गोबरे आणि तांबोशी. फ्लोरिडात स्पीगल ग्रोव्ह नावाची अशीच लँडिंग शिप २००२ साली बुडवली, तीही सागरी अभयारण्यात. आज डायव्हर्स तिथे मुद्दाम जातात.

निळाई
अर्धीच गोष्ट सांगितलीत. स्पीगल ग्रोव्ह वेळेआधीच बुडायला लागली, उलटी झाली, मग कुशीवर पडून राहिली. २००५ च्या डेनिस चक्रीवादळाने ती उभी केली! एवढं धूड तळाशी असूनही हललं. आणि त्याच फ्लोरिडात १९७० च्या दशकात फोर्ट लॉडरडेलसमोर रीफ म्हणून वीसेक लाख टायर टाकले होते. बांधलेले पट्टे तुटले आणि टायर शेजारच्या खऱ्या प्रवाळावर आपटत राहिले. मुळात जहाजाभोवती मासे वाढतात की आसपासचेच येऊन गोळा होतात?

दांडीकर
गोळा होतत. आमका इचारा. आणि गोळा झाले काय रातचे दिव्यांवर मासे खेचणारे एलईडीवाले येतले. २०१७ पासून बंदी असा, तरी दिवे दिसतत. उद्या संग्रहालयाची हद्द आखतले आणि जाळी बंद होतली ती आमची. १९८७ साली अभयारण्य केल्यानी तेव्हा रापणकारांक (किनाऱ्यावरसून जाळी ओढणाऱ्यांक) कोणी इचारूक नाय.

पॅसिफिककर
कॅलिफोर्नियात राहतो, म्हणून इथलं सांगतो. अनाकापा बेटापाशी विनफिल्ड स्कॉट नावाची आगबोट १८५३ साली धुक्यात खडकावर चढली. तिचे अवशेष अजून पाण्यात आहेत. तिथल्या वस्तू उचलणाऱ्या डायव्हर्सना १९८७ मध्ये पकडलं, दंडही झाला. हो, मालवणचं अभयारण्य झालं त्याच वर्षी.

त्याच बेटाच्या एका पट्ट्यात १९७८ पासून मासेमारी बंद आहे. तिथे शेवंडी (लॉबस्टर) मोठ्या होतात, त्या सी-अर्चिन हे काटेरी गोळ्यासारखे जीव खातात, म्हणून केल्पचं, म्हणजे उंच समुद्रशेवाळाचं, जंगल टिकतं. पट्ट्याबाहेर शेवंडी पकडल्या जातात, अर्चिन माजतात आणि केल्पचा बुंधा कुरतडून खडक उघडा पाडतात. केल्पला थंड पाणी लागतं, मालवणात तो उगवणार नाही. पण जंगल वाचलं ते शेवंडी वाचल्यामुळे, बुडालेल्या बोटीमुळे नव्हे. २००३ मध्ये राखीव क्षेत्रं वाढवली तेव्हा इथले मच्छीमारही भडकले होते, दांडीकरांसारखेच.

खाडीपार
तुमच्याकडे गस्तीला बोटी आहेत, दंड वसूल होतो. इथे डिझेलपासून बोंब. गुलदारच्या तिकिटांतून गस्तीचा खर्च निघाला तर वाईट काय? नुसतं "आधी अभयारण्य नीट करा" म्हणत चाळीस वर्षं होत आली.

निळाई
निघेल की नाही, तेच तर कुठे ठरलेलं नाही. एक साधी गोष्ट करून दाखवा. सिंधुदुर्ग किल्ल्यामागे कायमचे बोये (तळाशी बांधलेले तरंगते) लावा, होड्यांनी दोर त्यालाच बांधायचा, नांगर टाकायचाच नाही. एक हंगाम एवढं पाळलं गेलं तर मी गुलदारच्या बाजूने लिहीन.

दांडीकर
बोये लावा, पण ते बघूक माणूस आमच्यातलो ठेवा. आणि तिकिटाचे पैसे खंय जातले ता आधी लिवन देवा.

खाडीपार
पहिल्याला हरकत नाही. दुसरं लिहून देणारा कोण, तेवढं सांगा.