कुडाची भिंत गेल्यावर वारली चौक कोणाचा?

नदीकाठ:
सप्रेम नमस्कार. मी चित्रकलेची शिक्षिका आहे. नुकताच डहाणू तालुक्यातील एका पाड्यावर दोन दिवस मुक्कामाचा योग आला. यजमानांच्या जुन्या घराचा कूड कारवीचा होता. त्यावर शेणमातीचे लिंपण करून वरून गेरू दिला होता. शेजारी सिमेंटची नवी खोली उभी राहत होती आणि घरातला मुलगा ओटीवर बसून बाजारातून आणलेल्या पांढऱ्या रंगाने कागदावर वारली चित्र काढत होता. माती बांधावरची, शेण गोठ्यातले, पीठ स्वतःच्या शेतातल्या भाताचे आणि काडी बांबूची, म्हणजे या कलेला लागणारी प्रत्येक वस्तू पूर्वी घरापासून हाकेच्या अंतरावर मिळत होती. आता कागद, रंग आणि गिऱ्हाईक तिन्ही बाहेरचे आहेत. अशा स्थितीत या कलेला स्वावलंबी म्हणता येईल का, यावर जाणकारांनी आपले मत मांडावे.

सह्यकडा:
आपला प्रश्न मोलाचा आहे, परंतु स्वावलंबन केवळ साहित्यापुरते मोजले तर एक मोठी गोष्ट नजरेआड होते. 1970च्या दशकाच्या सुरुवातीला चित्रकार भास्कर कुलकर्णी यांनी या भागात कागद आणि रंग पोहोचवले आणि गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी लग्नविधीच्या बाहेर पडून मासेमारीचे जाळे, शेतीची कामे, तारपा या फुंकून वाजवायच्या वाद्याभोवतीचा नाच असे रोजच्या जगण्यातले विषय हाती घेतले. त्यांना 2011 साली पद्मश्री मिळाली. त्यांच्या वाटेने गेलेल्या अनेक घरांना चित्रांतून रोख पैसा मिळू लागला. पालघर जिल्ह्यातील कितीतरी आदिवासी कुटुंबे दिवाळीनंतर मुलाबाळांसह वीटभट्ट्यांवर जातात आणि त्या मुलांची शाळा अर्ध्यावर सुटते, हे मी अनेक वर्षे जवळून पाहत आलो आहे. चित्र विकून ज्याला भट्टीवरची उचल घ्यावी लागत नाही, त्याला केवळ रंग दुकानातून आणतो म्हणून परावलंबी म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

तांदूळपीठ:
मी स्वतः वारली आहे, म्हणून थोडे लिहिते. आमच्याकडे चौक, म्हणजे लग्नात भिंतीवर येणारे चौकोनी चित्र, ‘काढत’ नाहीत, ‘लिहितात’. लग्नात सवाशिणींनी चौक लिहिल्याशिवाय आणि त्यात पालघाट ही लग्नाची देवी बसल्याशिवाय विधी पुढे जात नाही. माझी आजी बांबूच्या काडीचे टोक दातांनी चावून मऊ करी आणि वाटीतल्या पिठाच्या पाण्यात बुडवून रेघ ओढी. ओली असताना ती रेघ जेमतेम दिसत असे, वाळल्यावर पांढरीशुभ्र उमटे. त्यामुळे आपण नेमके काय लिहिले आहे हे डोळ्यांआधी हाताला ठाऊक असावे लागे. सह्यकडा, आपले वीटभट्टीचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे, कारण माझे वडीलही भट्टीवर गेलेले आहेत. तरीही चित्र कागदावर आले तेव्हा ते बहुतेक पुरुषांच्या हाती गेले, आणि जी गोष्ट बायकांच्या अधिकाराची होती तिच्यावर विकत घेणारा सही मागू लागला, याचे मला फार वाईट वाटते. रंग बदलल्याचे दुःख त्यापुढे लहान आहे.

नदीकाठ:
आपण दोघांनी माझा प्रश्नच बदलून टाकला, याबद्दल मनापासून आभारी आहे. मी साहित्याकडे पाहत होते, लिहिणाऱ्या हाताकडे माझे लक्षच गेले नव्हते. तांदूळपीठ, एक विचारू का? सिमेंटच्या घरात लग्न निघाले, तर चौक कुठे लिहितात?

तांदूळपीठ:
अवश्य विचारा. माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नात हाच पेच पडला होता, कारण गुळगुळीत ऑइलपेंटवर पीठ धरत नाही आणि वाळले की पोपडे सुटतात. तेव्हा आईने भिंतीचा दाराशेजारचा भाग वाळूच्या कागदाने घासून खरखरीत केला, त्यावर शेणमातीचा हात फिरवून गेरू दिला आणि दुसऱ्या दिवशी मावशी, काकू आणि मी मिळून चौक लिहिला. मला चौकटीच्या कडेचे त्रिकोण भरायला दिले होते. माझ्या रेघा जाड आल्या, पण आईने त्या पुसू दिल्या नाहीत. तो भाग अजून तसाच ठेवला आहे.