कावीळची साथ: लस मागायची का आधी पाइपलाइन?

गिरणाकाठ
मागच्या पावसाळ्यात आमच्या भडगावकडच्या गावात कावीळ घरोघर फिरली, तेव्हा माझी वहिनी आठव्या महिन्यात होती. रिपोर्टमध्ये हिपॅटायटिस ई आला, म्हणजे घाण पाण्यातून पसरणारी कावीळ, तोवर मला बी अन् सीच माहिती होते. वहिनी वाचली, बाळ नाही वाचलं. शेवटच्या तीन महिन्यांत हा झाला तर शंभरात २०-२५ पर्यंत बायका जातात असं डॉक्टरांनी नंतर सांगितलं. अन् याची लस आहे! चीननं २०११ मध्येच मंजूर केली, लाखावर लोकांवर ट्रायल झालेली. आपल्याकडे का नाही मागायची? निदान लग्न झालेल्या पोरींना तरी द्या ना.

पांझरेकर
वहिनींचं वाचून वाईट वाटलं भाऊ. पण लसीचं नाही पटत. तीन डोस, सहा महिने, अन् आजार अंगात शिरल्यावर दोन ते दहा आठवड्यांनी दिसतो, म्हणजे पहिला पेशंट पिवळा होतो तोवर अख्ख्या गल्लीनं तेच पाणी पिऊन झालेलं असतं. आपल्याकडे नळ चार-पाच दिवसाआड, मधल्या दिवसांत पाइप रिकामा, तो गटारीतून गेलेला, अन् पाणी सुटलं की जो तो नळाला डायरेक्ट मोटर लावतो, मग लीकेजमधून घाण आत ओढली जाणार नाही तर काय होणार? त्याच पाण्यात टायफॉईड आहे, हिपॅटायटिस ए आहे. कशाकशाची लस देणार? पाइप वर घ्या, टीसीएल (क्लोरीनची ब्लीचिंग पावडर) रोज टाका.

जिभाऊ_पारोळा
आमच्याकडे कावीळ उतरवतात, माळ घालतात. माणसं बरी झालेली मी डोळ्यांनी पाहिलीत.

सिस्टर_चोपडा
जिभाऊ, राग नका मानू, पण हा आजार बहुतेकांचा काही आठवड्यांत आपोआप जातो, माळ असो नसो. पोटुशी बाई मात्र त्या माळेपायी चार दिवस घरी राहते अन् आमच्याकडे येते तेव्हा शुद्धीत नसते. पहिल्या दिवशी आणा हो तिला.
पांझरेकर भाऊ, नुसत्या टीसीएलवर नका राहू. १९५५ मध्ये दिल्लीत यमुनेच्या पाण्यात सांडपाणी शिरलं, क्लोरीन वाढवला, टायफॉईड वाढला नाही पण २९ हजार लोकांना कावीळ झाली. अन् साथीत लस देता येत नाही असंही नाही, २०२२ मध्ये दक्षिण सुदानमध्ये बेंटिऊच्या विस्थापितांच्या कॅम्पमध्ये साथ चालू असतानाच दिली, १६ ते ४० वयाच्यांना, गरोदर बायकांनाही.

पांझरेकर
ताई, दिल्लीचं माहिती नव्हतं. पण तुमचं उदाहरणच सांगतं ना की घाण आत शिरूच द्यायची नाही? कॅम्पमध्ये दुसरा इलाज नव्हता. इथं लस आली की फोटो निघतील अन् पाइप अजून दहा वर्षं गटारीतच राहील, ही माझी खरी भीती आहे.

गिरणाकाठ
अन् त्या दहा वर्षांत ज्या बाळंत होतील त्यांचं काय भाऊ? वहिनीला तर कोणी पाणी उकळून पी एवढं पण सांगितलं नव्हतं, आम्ही सगळे फडक्यानं गाळून पीत होतो. पाइप गटारीतून काढा, ओटी टेस्टची (नळाच्या पाण्यात क्लोरीन उरलाय का ते बघायची) वही दाखवा, हे मी ग्रामसभेत लेखी देतो. लसीचा अर्ज पण देणार, दोन्ही एकाच दिवशी. सिस्टर, लसीचा कोणाच्या नावानं लिहू?

सिस्टर_चोपडा
जिल्हा आरोग्य अधिकारी. मागच्या साथीत किती गरोदर बायका होत्या ते घरोघर विचारून आकडा टाका, कच्चा लिहून मला दाखवा.