बातमी दोन ओळींची, भानगडी दोन वर्षांच्या: विद्यापीठातल्या यशाचे अनुभव लिहा

परवा घर आवरताना जुन्या पेपरची कात्रणं सापडली. त्यात एक होतं आमच्या विद्यापीठाच्या संघाला 'इंद्रधनुष्य'मध्ये (राज्यातल्या विद्यापीठांचा सांस्कृतिक महोत्सव) मूकनाट्याचं बक्षीस मिळाल्याचं. चार ओळी, खाली फोटो. फोटोत कुलगुरू, विद्यार्थी विकासवाले सर, आणखी कोणी कोणी मान्यवर, आणि आम्ही सहाजण कडेला, त्यातला एक तर अर्धाच आलाय. त्या सहाजणांनी अडीच महिने एकही शब्द न बोलता भांडणं कशी केली हे त्या चार ओळींत कुठून येणार? (खरंच. माईमची तालीम सुरू झाली की आमचा दिग्दर्शक बोलायलाच बंदी घालायचा, मग हातवारे करून एकमेकांना शिव्या. त्यातला एक हातवारा पुढे नाटकात घेतला आणि परीक्षकांना नेमका तोच आवडला.)

म्हणून हा धागा. तुमच्या विद्यापीठातलं, कॉलेजातलं एखादं यश जे तुम्ही जवळून पाहिलं, मग ते तुमचं असो नाहीतर दुसऱ्याचं. आविष्कार, इंद्रधनुष्य, एनएसएस (राष्ट्रीय सेवा योजना), पीएचडी, सुवर्णपदक, काहीही चालेल. बातमीत काय आलं ते एका ओळीत आणि न आलेलं हवं तितकं लिहा.

निळी_शाई

मी लिहिते, आविष्कारचं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, आविष्कार म्हणजे राज्यातल्या विद्यापीठांची संशोधन स्पर्धा, आधी कॉलेज मग जिल्हा मग विद्यापीठ आणि त्यातून निवडलेले राज्याला. एक मीटर बाय एक मीटरचं पोस्टर, त्याच्यासमोर उभं राहायचं आणि येणाऱ्या परीक्षकाला समजावायचं. मी एस.वाय. बीएस्सीला होते, तालुक्याचं कॉलेज, मायक्रोबायोलॉजी. घरची डाळिंबाची बाग तेल्यानं गेलेली त्यामुळे विषय शोधावा लागलाच नाही. तेल्या हा जिवाणूमुळे होतो, मग आपण एखाद्या झाडपाल्याचा अर्क काढून तो त्या जिवाणूवर चालतो का बघू. आगर प्लेटमध्ये (जिवाणू वाढवायची बशी) छोटं भोक पाडायचं, त्यात अर्क टाकायचा, आणि भोकाभोवती जिवाणू न वाढलेली जी स्वच्छ गोल जागा दिसते ती पट्टीनं मिलिमीटरमध्ये मोजायची. आमची आली १८. मी आणि माझी पार्टनर लॅबमध्ये नाचलो अक्षरशः.

विद्यापीठ फेरीला एक मॅडम आल्या, बारीक चणीच्या, चष्मा कपाळावर. सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, अर्क कशात काढला? म्हटलं इथेनॉलमध्ये. कंट्रोलला, म्हणजे तुलनेसाठी बिनअर्काचं, काय ठेवलं? म्हटलं पाणी. त्या हसल्या पण नाहीत, फक्त म्हणाल्या, "बाळा, इथेनॉलनं जिवाणू मरतातच की. तुझ्या पाल्यानं मारले का इथेनॉलनं, हे मला कसं कळणार?"

पायाखालची जमीन सरकणे हा वाक्प्रचार मी शाळेत वाक्यात उपयोग करा म्हणून लिहिला होता, त्या दिवशी कळला. बाद झालो अर्थात. परतीच्या एसटीत आमचे सर काहीच बोलले नाहीत आणि स्टँडवर उतरल्यावर म्हणाले, उद्या लॅबची किल्ली घेऊन ठेवतो.

पुढच्या वर्षी सगळं पहिल्यापासून केलं, नुसत्या इथेनॉलची प्लेट, पाण्याची प्लेट, अर्क आधी वाळवून मग पाण्यात कालवून, प्रत्येक तीनदा. १८ चे झाले ९. म्हणजे अर्धं श्रेय इथेनॉलचंच होतं! पण ते ९ आमचे होते, आणि यावेळी कोणीही काहीही विचारलं तरी घाम फुटत नव्हता. पोस्टरवर आम्ही मागच्या वर्षीची चूक पण छापली, एका कोपऱ्यात चौकट करून. राज्याला गेलो, तिथं बक्षीस नाही मिळालं पण आमच्या कॉलेजातून तोपर्यंत कोणी तिथवर गेलं नव्हतं.

बातमी आली. त्यात आमचं संशोधन डाळिंबाच्या सालीपासून औषध बनवण्याचं होतं. माझ्या आजीनं ते कात्रण लॅमिनेट करून घेतलंय, आता तिला कोण सांगणार.

बॅकबेंचर_कायम

आमच्याकडे यशाची एकच बातमी यायची, 'अखेर निकाल जाहीर'.

ग्राउंड_स्टेशन

@बॅकबेंचर हाहा, खरंय.

माझं जरा मोठं होणार आहे, चहा घेऊन बसा. सीओईपीच्या (पुण्याचं इंजिनिअरिंग कॉलेज) 'स्वयम' उपग्रहाबद्दल बहुतेकांनी वाचलं असेल. २२ जून २०१६, श्रीहरिकोटा, पीएसएलव्ही सी-३४, एका रॉकेटवर २० उपग्रह, आणि त्यातला एक पुण्यातल्या विद्यार्थ्यांनी बनवलेला, दहा सेंटिमीटरचा ठोकळा, वजन एक किलोच्याही आत. बातमीत हे सगळं आलं. मी त्या टीममध्ये होतो आणि उडाला तेव्हा नव्हतो. हाच माझा अनुभव.

प्रोजेक्ट सुरू झाला २००८ ला. उडाला २०१६ ला. इंजिनिअरिंग चार वर्षांचं, आता गणित तुम्हीच करा. दीडशेहून जास्त पोरं त्यातून गेली आणि ज्यांनी पहिलं चित्र काढलं ती प्रक्षेपणाच्या दिवशी कुठल्या कुठे नोकरीला लागलेली. मी मधल्या बॅचचा. मधली बॅच म्हणजे सगळ्यात वाईट, सुरुवातीचा उत्साह पण नाही आणि शेवटचा टाळ्यांचा भाग पण नाही, नुसत्या टेस्ट. हलवून बघा, गरम करून बघा, गार करून बघा, निर्वात करून बघा, परत हलवून बघा. रॉकेटवर जाताना जी थरथर होते तेवढी जमिनीवर आधी करून बघावी लागते, एखादा स्क्रू सैल झाला तर वर जाऊन पान्हा कोण फिरवणार.

आणि डॉक्युमेंटेशन! माझं अर्धं आयुष्य त्यात गेलं. सीनियर पास आउट होणार म्हणून मार्च-एप्रिलमध्ये नुसती लिहालिही, हा रोधक इथे का लावला, हा आधी तिथे होता तो का काढला. एकदा एका जुन्या फाईलमध्ये सापडलं, 'हे बदलू नका. कारण विचारू नका. बदलून बघितलंय.' आम्ही नाही बदललं.

मला सगळ्यात जास्त आवडायचं ते त्याचं स्थिर राहण्याचं तंत्र. मोठ्या उपग्रहात फिरती चाकं, थ्रस्टर काय काय असतं, त्याला वीज लागते, वजन लागतं. आमच्याकडे वजनच एक किलो. म्हणून आत एक कायम चुंबक बसवला, तो होकायंत्राच्या सुईसारखा पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या रेषेत उपग्रहाला धरून ठेवतो, आणि सोबत खास धातूच्या पट्ट्या, ज्या उपग्रह गरागरा फिरत असेल तर त्याची गिरकी हळूहळू खाऊन टाकतात. वीज शून्य. माझ्या आईला हे सांगितलं तर म्हणाली म्हणजे पाळण्याला लावतात तसं का, झोका आपोआप थांबतो ते. मला वाटतं हो आई, जवळपास तसंच.

प्रक्षेपणाच्या दिवशी मी ऑफिसात, दुसऱ्या शहरात, सकाळी साडेनऊच्या आसपासची वेळ आणि नेमकी तेव्हाच क्लायंटबरोबर मीटिंग. मोबाईल टेबलाखाली, आवाज बंद. रॉकेट गेलं. ग्रुपवर मेसेजचा पाऊस. आणि माझ्या डोक्यात एकच, ती विचारू नका वाली फाईल लिहिणारा सीनियर आता कुठे असेल? ग्रुपवर त्याचा मेसेज दुपारी आला, 'बदललं नाहीत ना?'

दगडी_जिना

@ग्राउंड_स्टेशन शेवट वाचून काटा आला.

पुण्याचाच अजून एक किस्सा, यात माझं कर्तृत्व शून्य. मी विद्यापीठात एमएस्सी फिजिक्सला होतो. ११ फेब्रुवारी २०१६, रात्री नऊला अमेरिकेतून पत्रकार परिषद, गुरुत्वीय लहरी सापडल्याची घोषणा. होस्टेलच्या खोलीत नऊजण एका लॅपटॉपवर, नेट अडकत अडकत, आणि नेमकं "आम्हाला सापडल्या" म्हणायच्या वेळी ते गोल फिरणारं चक्र! शेजारच्या खोलीतून आरडाओरडा आला तेव्हा कळलं की सापडल्या. म्हणजे १३० कोटी वर्षं प्रवास करून आलेली लहर आमच्यापर्यंत भिंतीतून पोचली.

आयुका ही खगोलशास्त्राची संशोधन संस्था आमच्याच आवारात, रोजच्या चालण्याच्या रस्त्यावर. गोंगाटातून हा इवलासा सिग्नल ओळखायचा कसा, त्याच्या गणितावर तिथं संजीव धुरंधर आणि त्यांचे विद्यार्थी कित्येक वर्षं काम करत होते. ढोबळमानाने सांगायचं तर सिग्नल कसा दिसू शकेल याचे भरपूर नमुने आधी गणितानं तयार करून ठेवायचे आणि आलेल्या डेटावर एकेक ठेवून बघायचं कुठला जुळतो. जत्रेत हरवलेलं पोर फोटो घेऊन शोधतात तसं, फक्त फोटो कधी कोणी काढलेलाच नसतो. लहर सापडायच्या कितीतरी आधी हे काम सुरू झालेलं, सापडेल की नाही याची खात्री नसताना. मला तर चौथ्या सेमिस्टरचा प्रोजेक्ट पूर्ण होईल याची खात्री नव्हती तर मी आदल्या दिवशी सोडून द्यायच्या विचारात होतो. नाही सोडला. इतकंच.

खाकी_इस्त्री

एनएसएस. प्रजासत्ताक दिनाच्या दिल्लीच्या संचलनासाठी निवड. बातमी, 'विद्यार्थिनीची राजपथावर निवड'. ती विद्यार्थिनी माझी रूममेट, मी नाही. दोघी पहाटे पाच वाजता ग्राउंडवर, दोघींच्या टाचांना फोड, दोघी विद्यापीठाच्या निवडीतून पुढे गेलो आणि प्री-आरडी कॅम्पला (संचलनाआधीचं निवड शिबिर) मी बाहेर. कॉलेजनं मोठ्ठा फ्लेक्स लावला. एक महिना रोज त्याच्याखालून जायचं, हसायचं, अभिनंदन तिला सांगते म्हणायचं. २६ जानेवारीला टीव्हीसमोर बसले तर पथक दिसलं सात-आठ सेकंद, सगळ्या सारख्याच दिसतात. पण मी तिला ओळखलं, ती डावा हात जरा जास्त वर नेते, त्यावरून आमची रोज पहाटे भांडणं व्हायची.

ती परत आली तेव्हा तिचा ब्लेझर मला घालायला दिला. घातला नाही मी. आता वाटतं घालायला हवा होता.

सावली_उन्हातली

हे माझं नाही, आईचं. बावन्नाव्या वर्षी मराठीत पीएचडी, विषय आमच्या भागातल्या जात्यावरच्या ओव्या. शाळेची नोकरी, आजोबांचं आजारपण, दर सहा महिन्यांनी प्रगती अहवाल आणि तो अहवाल सबमिट करायच्या आदल्या रात्री हमखास बंद पडणारा प्रिंटर. एका कार्यालयात तर (कुठलं ते जाऊ दे) तिची फाईलच सापडत नव्हती चार महिने, शेवटी सापडली ती कपाट हलू नये म्हणून त्याच्या पायाखाली घातलेल्या गठ्ठ्यात.

व्हायवा (पीएचडीची तोंडी परीक्षा) खुला असतो, कोणीही येऊन बसू शकतं. आईनं ज्यांच्याकडून ओव्या गोळा केल्या त्यातल्या एक आजी आल्या होत्या, ऐंशीच्या पुढच्या, शेवटच्या रांगेत, पदर डोक्यावर. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी एका ओवीचा अर्थ विचारला, आईनं छान सांगितला, रूपक वगैरे. सर म्हणाले उत्तम, श्रोत्यांपैकी कोणाला काही विचारायचंय? तर मागून आवाज, "बाई, ती ओवी आशी न्हाई. तुमी येक वळ गाळली."

आई पांढरी पडली. आजींनी बसल्या जागेवरून ती पूर्ण गायली. गाळलेल्या ओळीनं अर्थच फिरला, आई ज्याला भक्ती म्हणत होती ती सासूची टिंगल होती. दोन सेकंद शांतता आणि मग पहिले परीक्षकच हसायला लागले, मग सगळी खोली. आईला तिथल्या तिथे दुरुस्ती टिपून घ्यायला लावली.

बातमीत आलं, 'यांना पीएचडी प्रदान'. पासपोर्ट फोटो, मार्गदर्शकांचं नाव, संस्थाचालकांनी केलेलं अभिनंदन. आजींचं नाव प्रबंधाच्या ऋणनिर्देशात आहे, आणि त्या पानाची झेरॉक्स त्यांच्या घरी देव्हाऱ्याशेजारी चिकटवलीय.

निळी_शाई

@सावली आजी बेस्ट! आमच्या मॅडमची बहीण शोभतील. ती गाळलेली ओळ कुठली ते लिही ना.

सावली_उन्हातली

@निळी_शाई आईला विचारलं. ती म्हणते, माझी सासू अजून आहे, इथे नको.