प्रतिसाद: पिल्लू घेण्यापूर्वी त्याची आई पाहावी
जाहिरातीतले पाच आठवड्यांचे लॅब्रॅडॉरचे पिल्लू आगाऊ पैसे भरून घ्यावे का, या आपल्या प्रश्नाला माझे उत्तर स्पष्ट नकाराचे आहे. श्वान प्रजनन व विक्रीविषयक २०१७च्या केंद्रीय नियमांनुसार ८ आठवड्यांहून लहान पिल्लू विकता येत नाही आणि प्रजनन करणाऱ्याची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी असावी लागते. ते प्रमाणपत्र मागावेच. मात्र कागदापेक्षा (कागद काय, कोणीही दाखवतो) पिल्लाची आई, ती राहते त्याच जागी जाऊन पाहण्याला मी अधिक महत्त्व देईन. ती हडकुळी वा बिचकणारी असेल, अंथरलेल्या पोत्याला मुताचा दर्प येत असेल किंवा विक्रेता पिल्लू परस्पर रस्त्यावरच हाती देऊ पाहत असेल, तर व्यवहार तिथेच थांबवावा. विशिष्ट जातीचा आग्रह नसल्यास निवारा केंद्रातील लसीकरण झालेले गावठी पिल्लूही अवश्य पाहावे. आपली हवा त्याला अधिक मानवते.