मुंबई की बंगळूर? इंदूरहून जायचंय, भाड्याचा खरा हिशेब सांगा

लोकमान्यनगरची_सून

नमस्कार. लांबलचक लिहिणार आहे, कंटाळा येईल त्यांनी सरळ आकड्यांपाशी जावं.

घरात चार माणसं: मी, नवरा, दुसरीतला मुलगा आणि सासूबाई. सासूबाईंचे गुडघे गेलेत, जिना बंद. इंदूरला लोकमान्य नगरात सासऱ्यांनी बांधलेल्या घरात तळमजल्यावर राहतो. वरचा भाडेकरू महिन्याला ११,००० देतो आणि दिवाळीत पाचशे वाढवायचे म्हटलं की त्याचं तोंड उतरतं. थोडक्यात, भाडं आम्हाला घ्यायचं माहीत आहे, द्यायचं नाही.

नवऱ्याला दोन ऑफर आल्या आहेत. एक मुंबईत, ऑफिस अंधेरी पूर्वेला चकाल्याजवळ. दुसरी बंगळूरला, व्हाईटफील्डमध्ये. बंगळूरवाले हातात १८,००० जास्त देताहेत. इथे सुपर कॉरिडॉरवर काही जमतंय का ते बघून झालं, त्याच्या कामाचं तिथे काही नाही. मी शाळेत गणित शिकवते, ती नोकरी सुटणार. नवीन मिळेपर्यंत एका पगारावर घर.

नेटवर जाहिराती बघितल्या. ठाण्यात २ बीएचके ३४ ते ३८ हजार, व्हाईटफील्डला ४० ते ४५. (अंधेरीचे आकडे बघून नवऱ्याने लॅपटॉपच मिटला.) त्याचा हिशेब असा: भाड्यात फरक सहा हजारांचा, पगारात अठराचा, बारा हजार वाचले, विषय संपला. माझ्या वर्गातल्या पोराने असं उत्तर दिलं असतं तर मी रीत विचारली असती.

भाड्याशिवाय काय काय द्यावं लागतं, कुठले पैसे नुसते अडकतात आणि कुठले परत येतच नाहीत, हे तिथे भाड्याने राहणाऱ्यांनी सांगा. पुणं सुचवू नका. पुण्याची ऑफर नाहीये.

ठाण्यातला_माळवी

ताई, मी मूळचा इंदूरच्या रामबागचा. ठाण्यात बरीच वर्षं झाली, सगळी भाड्याच्या घरात.

आधी चांगलं सांगतो. इथे ठाण्यात सोसायटीचा मेंटेनन्स बहुतेक ठिकाणी मालकच भरतो, भाड्यात तो धरलेला असतो. तरी करारात लिहून घ्या. डिपॉझिट तीन ते सहा महिन्यांचं मागतात. ३६ हजारांच्या घराला दीड लाखावर अडून बसा, मिळतं.

आता दलाल. एक महिन्याचं भाडं दलाली. करार अकरा महिन्यांचा, आणि संपला की काही दलाल पुन्हा हात पुढे करतात, कोणी पूर्ण मागतं, कोणी अर्धं. नुसतं नूतनीकरण असेल तर मी देत नाही, सरळ मालकाशी बोलतो. पण पहिल्या वेळी हे बोलायची हिंमत होत नाही, म्हणून तुम्ही पूर्ण धरूनच चाला.

महाराष्ट्रात लीव्ह अँड लायसन्स, म्हणजे घर भाड्याने घेण्याचा करार नोंदवणं कायद्याने सक्तीचं आहे. मुद्रांक शुल्क एकूण भाडं आणि डिपॉझिटवरचं मानीव (कागदोपत्री धरलेलं) व्याज यांच्या बेरजेवर ०.२५ टक्के, शहरात नोंदणी फी १,०००. तुमच्या आकड्यांत सगळं मिळून दोन हजार. एजंट घरी येऊन अंगठे घेतो आणि पाच सांगतो, तेव्हा हा हिशेब त्याच्यापुढे मांडा. करार संपल्यावर घर सोडलं नाही तर दुप्पट भाडं लागू शकतं, हेही त्याच कायद्यात आहे.

पण तुमची खरी अडचण जागेची. ३६ हजारांत दिसणारे टॉवर घोडबंदर रोडचे आहेत. फोटोत स्विमिंग पूल, आणि उन्हाळ्यात पिण्याला टँकर. वर त्या रस्त्याची सकाळ. ठाणे स्टेशन गाठायलाच पाऊण तास गेला तर नवल नाही. पुढे लोकलने घाटकोपर, तिथून मेट्रोने चकाला. घाटकोपरचा तो पूल सकाळी नऊला एकदा बघून या, मग सही करा.

माझं ऐकाल तर पाचपाखाडी किंवा नौपाडा. रिक्षाने दहा मिनिटांत स्टेशन, ऑफिसला साधारण तासाभरात. वस्ती आपल्यासारखीच, दुकानात मराठी बोललं की मराठीत उत्तर येतं. पण इमारती जुन्या, खोल्या लहान, आणि कित्येकांना लिफ्ट नाही. दुसरं, निम्म्या इमारती रिडेव्हलपमेंटच्या, म्हणजे पाडून नव्याने बांधायच्या रांगेत. मालकाला सरळ विचारा, बिल्डर ठरलाय का. एका मालकाने मला हे सांगितलं नव्हतं. वर्षाच्या आत घर खाली करा म्हणाला, आणि दलाली पुन्हा माझ्याच खिशातून.

पर्पल_लाईन

मी बडोद्याची, दांडिया बाजारातली. लग्नानंतर बंगळूर, आता व्हाईटफील्डलाच आहे. तुझ्या नवऱ्याचा बारा हजारांचा हिशेब वाचून हसू आलं, माझ्या नवऱ्यानेही तेच केलं होतं.

इथे मेंटेनन्स वेगळा. जाहिरातीत ४२ असेल तर वर साडेचार-पाच धर. डिपॉझिट पूर्वी सरसकट दहा महिन्यांचं असायचं, अजूनही काही मालक मागतात. बोललीस तर सहावर येतात, ओळखीतून चारवरही. आणि घर सोडताना रंगकामाचे म्हणून एक महिन्याचं भाडं कापतात. भिंतीला बोट लावलं नसलं तरी कापतात. आधीच्या घरी मी फोटो काढून ठेवले होते, मालकिणीने कौतुकाने बघितले आणि पैसे कापले. करारात तसं लिहिलेलं होतं, त्यामुळे बोलायची सोय नव्हती. सही करण्याआधी ती ओळ शोध. काढत नसतील तर निदान दोन वर्षं राहिल्यावर अर्धं, असं काही मान्य करून घे.

चौरस फुटांना भुलू नकोस. बाराशे लिहिलेलं असतं ते सुपर बिल्टअप, त्यात लिफ्ट, जिना, लॉबी सगळं आलं. घरात पाय ठेवायला साडेआठशे-नऊशे उरतात. ठाण्याचे आकडे बहुधा कार्पेट, म्हणजे घराच्या आतल्या वापरायच्या जागेचे असतील, दोन्ही एका मापात आणून बघ.

पाणी. २०२४ च्या उन्हाळ्यात इथे काय हाल झाले ते बातम्यांत बघितलंच असशील. कावेरीचं कनेक्शन आहे, बोअर आहे की नुसता टँकर, हे वॉचमनला विचार, मालकाला नको. टँकरचे पैसे मेंटेनन्समध्ये आहेत की वेगळे, हेही.

मुलाच्या शाळेत कन्नड येणार, पहिली नाही तर दुसरी भाषा म्हणून. लहान आहे, शिकेल. माझी शिकली, आता भाजीवाल्याशी तीच बोलते.

बंगळूरची खरी कमाई वेळात आहे. होपफार्म किंवा कडुगोडीला घर घेतलं तर ऑफिस चालत, नाही तर मेट्रोची दोन-तीन स्टेशनं. २०२३ पासून पर्पल लाईन इथवर आली आहे. पण स्वस्त मिळतंय म्हणून सर्जापूरच्या बाजूला गेलात तर ही कमाई शून्य.

पुणेकर_झालो

पुणं सुचवू नका म्हणालात म्हणून सुचवत नाही. फक्त एवढंच, शाळेचा प्रवेश आणि घर एकाच महिन्यात आणू नका. प्रवेशाची फी, घराचं डिपॉझिट आणि सामानाचा ट्रक, तिन्ही एकदम आले की भल्याभल्यांना एफडी मोडावी लागते.

लोकमान्यनगरची_सून

सगळ्यांचे आभार. काल रात्री वही घेऊन बसले. दोन वर्षं राहायचं धरलं आणि एकदाच जाणारे पैसे महिन्यांत वाटले.

ठाणे: भाडं ३६,०००. दलाली दर अकरा महिन्यांनी पूर्ण धरली तर महिन्याला ३,२७३. दीड लाखाचं ७ टक्क्यांनी बुडणारं व्याज ८७५. करार धरून साडेचाळीसच्या आतबाहेर.

बंगळूर: भाडं ४२,०००, मेंटेनन्स ४,५००. दलाली ४२,००० चोवीस महिन्यांत वाटून १,७५०. रंगकाम तेवढंच, १,७५०. सहा महिन्यांचं डिपॉझिट २,५२,०००, त्याचं व्याज १,४७०. एकूण ५१,४७०.

म्हणजे फरक सहा हजारांचा नाही, अकराचा. अठरातून अकरा गेले, उरले सात. वर्षाचे ८४,०००. आता सासूबाईंना वर्षातून दोनदा तरी इंदूर लागणार, त्यांची बहीण उज्जैनला, सगळे देवधर्म इकडे. मुंबईहून रात्री अवंतिका एक्सप्रेस पकडली की सकाळी घरी. बंगळूरहून चौघांचं विमानाने येणं-जाणं चाळीस-पंचेचाळीस हजार. दोन फेऱ्यांत ८४,००० संपले!

पहिल्या दिवशी खिशात काय हवं तेही मांडलं. ठाण्याला डिपॉझिट, दलाली, पहिलं भाडं मिळून २,२२,०००. बंगळूरला पहिला मेंटेनन्स धरून ३,४०,५००. ट्रक वेगळा, आणि अंतर दुपटीहून जास्त.

पण कार्पेटवर भागाकार केला तर उलटं निघतं. ठाण्याचं ६२० फूट, म्हणजे फुटाला ५८ रुपये. बंगळूरचं ८८० धरलं तर ४८. त्या पैशांत सासूबाईंना स्वतंत्र खोली नीट मिळते, वॉकर फिरतो. नवऱ्याला हे सांगितल्यावर तो म्हणाला, "बघ, मी म्हणत होतो." तो हे म्हणत नव्हता.

पाण्याचं फारसं भय नाही. आमच्याकडे नर्मदा एक दिवसाआड येते, हौद भरून ठेवायची सवय आहे. टँकरचं बिल मात्र कधी भरलेलं नाही.

ग्वाल्हेरचे_काका

सूनबाई, मी निवृत्त बँकवाला, मुलगा गुरुग्रामला भाड्याने राहतो, म्हणून दोन शब्द.

एक. ऑफर लेटरात एचआरएचा, म्हणजे घरभाडे भत्त्याचा मोठा आकडा दिसला म्हणून हुरळून जाऊ नका. नवी करप्रणाली घेतली तर एचआरएची सूट नाही, ती जुन्या प्रणालीतच. यजमान कुठली घेणार हे ठरवून मगच "हातात" किती येतात ते मोजा. जुनी घेतली आणि भाडं वर्षाला एक लाखाच्या वर गेलं तर मालकाचा पॅन द्यावा लागतो, आणि तो द्यायला काही मालक का-कू करतात. आधीच विचारा. भाडं महिन्याला ५०,००० च्या वर गेलं तर २ टक्के टीडीएस (मालकाच्या नावचा कर) भाड्यातून भाडेकरूने कापून भरायचा असतो. तुम्ही त्याच्या आत आहात, पण दरवर्षी पाच-दहा टक्के वाढीचं कलम असतं, ते विसरू नका. तुमच्या हिशेबात दुसऱ्या वर्षीही भाडं ४२ च आहे.

दोन. २०२१ च्या केंद्राच्या आदर्श भाडेकरू कायद्यात घरासाठी दोन महिन्यांपेक्षा जास्त डिपॉझिट घेऊ नये असं आहे, पण तो राज्यांनी स्वीकारला तरच लागू. त्याच्या जोरावर बंगळूरच्या मालकाशी भांडायला जाऊ नका.

तीन, आणि हे नीट वाचा. घर न बघता टोकन, म्हणजे आगाऊ पैसे पाठवू नका. "मी फौजेत आहे, बदली झाली, घर बघायला गेटपास लागतो, आधी पैसे टाका" अशा जाहिरातींना शिकलेली माणसं फसलेली मी काउंटरवर पाहिली आहेत. पैसे मिळवण्यासाठी क्यूआर स्कॅन करा असं कोणी म्हणालं की फोन ठेवा.

यजमानांना आधी एकट्याने जाऊ द्या. मार्चपर्यंत तो पीजीत (पेइंग गेस्ट म्हणून) राहील, पोराचं वर्ष इंदुरात पूर्ण होईल. आणि तळमजला लगेच भाड्याने देऊ नका.

लोकमान्यनगरची_सून

काका, वाढीचं कलम राहिलंच होतं. ५ टक्क्यांनी दुसऱ्या वर्षी बंगळूरला २,१०० वाढतात, ठाण्याला १,८००. त्यात फारसा फरक नाही, पण लिहून ठेवलं. तळमजला बंदच ठेवणार, सासूबाईंचा जीव त्या घरात आहे.

एकट्याने जायचं त्याला पटलंय. मार्चपर्यंत माझा पगारही चालू राहील. दोन्हीकडे शनिवार-रविवार जाऊन घरं बघून येईल, मग ऑफरला होकार. माझं मन ठाण्याकडे आहे. अवंतिकेमुळे, आणि मुलाच्या शाळेत मराठी असेल म्हणून. इथे तो मराठी बोलतो पण लिहितो हिंदीच. नवऱ्याचं मन बंगळूरकडे, रोज दोन तास जास्त घरी असेन म्हणतो. ते दोन तास मला कुठल्याच रकान्यात टाकता आले नाहीत, आणि ते खोटंही नाही.

माळवी दादा, पाचपाखाडीत लिफ्टवाली, बिल्डर न ठरलेली इमारत ३६ मध्ये मिळेल की मी स्वप्न बघतेय?

ठाण्यातला_माळवी

लिफ्टवाली मिळेल, पण ३६ मध्ये १ बीएचके. २ बीएचकेला ४२-४५ धरा. साहेब येतील त्या शनिवारी मी बरोबर फिरतो, दलालाशी बोलायला दोघं असले की बरं.

लोकमान्यनगरची_सून

४२ म्हणजे अकराचा फरक पाचावर आला. वही पुन्हा काढते.

पर्पल_लाईन

काढच, आणि त्यात एक प्रश्न लिही, दोन्ही शहरांसाठी: लिफ्ट जनरेटरवर आहे का? आमच्या जुन्या इमारतीत जनरेटर फक्त जिन्यातले दिवे आणि पंपासाठी होता. वीज गेली की सातव्या मजल्यावरच्या आजी खालीच बाकावर बसून राहायच्या. मालक "पॉवर बॅकअप आहे" म्हणतो तेव्हा कशाला आहे ते विचार, आणि नवऱ्याला सांग, घर बघायला जाशील तेव्हा वॉचमनकडून मेन स्विच बंद करून लिफ्ट चालते का ते बघून ये.