वैर, स्पर्धा की दावा?

रानजाई
एका दिवाळी अंकासाठी दुसऱ्या महायुद्धानंतरच्या अमेरिका-सोव्हिएत संबंधांवरचा मोठा लेख मराठीत आणते आहे. शीर्षकातच 'रायव्हलरी' आहे. मी 'वैर' लिहिलं, संपादकांनी खोडून 'स्पर्धा' केलं. मला ते पटलेलं नाही, पण 'वैर'ही सगळीकडे चालत नाही. लेखात तीन प्रसंग आहेत. पहिला जुलै १९५९ चा. मॉस्कोच्या सोकोल्निकी बागेत अमेरिकेचं प्रदर्शन भरलंय, तिथल्या नमुन्याच्या स्वयंपाकघरात अमेरिकेचे उपाध्यक्ष निक्सन आणि सोव्हिएत नेते ख्रुश्चोव यांची जुंपते. निक्सन धुलाईयंत्र दाखवतात, तर ख्रुश्चोव विचारतात की घास तोंडात घालून खाली ढकलणारं यंत्र नाही का तुमच्याकडे. इथे 'स्पर्धा' शोभते. दुसरा १९६२ चा क्यूबा, सोव्हिएत क्षेपणास्त्रांवरून अणुयुद्ध होता होता टळलं तो. तिथे 'स्पर्धा' अगदीच मिळमिळीत वाटते. तिसरा जुलै १९७५ चा. अमेरिकेचं अपोलो आणि सोव्हिएत सोयूझ ही यानं अंतराळात जोडली जातात, त्यांतले अंतराळवीर स्टॅफर्ड आणि लिओनोव हात मिळवतात. अमेरिकी रशियनमध्ये बोलतात, रशियन इंग्रजीत. तिथे 'वैर' कसं लिहू? तिन्हींना पुरेल असा एकच शब्द हवा. शीर्षकात मावणारा.

साक्षेपी
'प्रतिस्पर्धित्व'. व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे.

रानजाई
सर, एकदा मोठ्याने म्हणून बघा. शीर्षकातच वाचक अडखळेल.

पिंपळपार
चढाओढ! आमच्या आईचा शब्द. १९७२ च्या दुष्काळात रेशनवर अमेरिकेची लाल मिलो ज्वारी मिळायची. भाकरी थापताना चिरायची, तव्यावर टाकेपर्यंत दोन तुकडे. आणि आमच्या वह्यांना कव्हरं असायची 'सोव्हिएत देश'च्या गुळगुळीत पानांची, त्यांवर ट्रॅक्टर चालवणाऱ्या हसऱ्या बायका. आई म्हणायची, दोघांची चढाओढ लागलीय आपल्याला आपलंसं करायची. आम्ही ज्या टोकाला होतो तिथून ते वैर दिसतच नव्हतं.

तिसरा प्रहर
तुमच्या टोकाला नसेल दिसलं. कोरिया, व्हिएतनाम, अफगाणिस्तानात लाखो माणसं मेली, त्याला चढाओढ कशी म्हणायची? मला तर 'शीतयुद्ध' हा शब्दसुद्धा खटकतो. शीत कुणासाठी? कोरियाच्या आकाशात सोव्हिएत वैमानिक मिग-१५ घेऊन अमेरिकी विमानांशी प्रत्यक्ष लढत होते. ओळख लपावी म्हणून विमानांवर खुणा दुसऱ्या देशांच्या आणि रेडिओवर कोरियन शब्द वापरायचा हुकूम. ऐन लढाईत कोण परकी भाषा बोलणार? तो हुकूम टिकला नाही.

गोदाकाठ
'शीतयुद्ध' आता रुळलाय, तो बदलणार नाही. ताईंच्या प्रश्नाकडे येतो. मूळ लॅटिन शब्द बघा. 'रिवुस' म्हणजे ओढा आणि 'रिवालिस' म्हणजे एकाच ओढ्याचं पाणी वापरणारा. ज्याच्याशी पाण्याचा वाटा, त्याच्याशीच तंटा! आमच्याकडे पाटपाण्याच्या पाळ्या असतात. आजोबा रात्री दोनला कंदील घेऊन दारं धरायला, म्हणजे पाटाचं पाणी शेतात वळवायला जायचे. वरच्या अंगाला चुलतभाऊ. पाळी संपली तरी तो दारं मोडायचा नाही, मग बांधावरच शिव्यागाळी. पण पाट फुटला की दोघेही फावडी घेऊन धावायचे, कारण पाणी वाया गेलं तर दोघांचंही पीक जाणार. 'एकमेकांना पाण्यात पाहणे' याच बांधावर जन्मलं असणार, असं माझं ठाम मत आहे. तेव्हा ताई, 'भाऊबंदकी' लिहा.

साक्षेपी
मत ठाम असलं तरी पुरावा लागतो. 'पाण्यात पाहणे'चा पाटाशी संबंध आहे असं नुसतं वाटून चालत नाही. खात्रीची व्युत्पत्ती हवी तर संस्कृतातला 'सपत्न' घ्या. अर्थ प्रतिस्पर्धी, शत्रू. गंमत अशी की तो 'सपत्नी'वरून मागाहून बनला आहे आणि 'सपत्नी'ची मराठी सवत झाली. म्हणजे आपल्या पूर्वजांना प्रतिस्पर्धी सुचला तो सवतीवरून. घर एकच, धनी एकच.

उत्तररात्र
मी रशियन शिकवते. त्यांच्याकडे 'सोपेर्निक'. मुळात तो वादातला, न्यायासमोरच्या दाव्यातला प्रतिपक्ष. लॅटिनमध्ये पाणी, संस्कृतात नवरा आणि रशियनमध्ये खटला, असं तीन भाषांनी तीन ठिकाणी हे नातं पाहिलंय.

कृष्णाकाठ
उत्तररात्र ताई, तुम्ही 'दावा' लिहिलंत आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. दावा! मराठीत दावा म्हणजे खटला आणि दावा म्हणजे वैरही. आमची आजी, पाटावर बसल्यावर मी खेटून त्रास दिला की म्हणायची, "कुठल्या जन्मीचा दावा साधतोयस रे माझ्यावर?" गावात 'दावेदार' म्हणजे शत्रू. अमेरिका आणि सोव्हिएत यांचं नेमकं हेच नव्हतं का? माणसाने कसं जगावं ते आम्हालाच कळलंय, हा दोघांचा दावा, आणि त्यापायी एकमेकांशी दावा. 'महासत्तांचा दावा'. रानजाईताई, घ्या तुमचा शब्द.

रानजाई
हा शब्द हातचा सोडवत नाही. स्वयंपाकघरात लावून पाहिला, बसतो. क्यूबाला बसतो. अंतराळातल्या हस्तांदोलनालाही बसतो, कारण हात मिळवले म्हणून दावा कुणीच सोडला नव्हता.

साक्षेपी
माझा विरोध नोंदवा. एक तर शब्द अरबी. दुसरं म्हणजे, आजचा वाचक 'महासत्तांचा दावा' वाचून विचारेल, कसला दावा केला? बातमीत 'असा दावा त्यांनी केला' हेच तो रोज वाचतो.

कृष्णाकाठ
अरबी म्हणून टाकायचा तर 'खटला' सोडून बाकी वकील, मुद्दई, कज्जा सगळं कोर्टाबाहेर काढा. आजीला तो शब्द अरबी आहे हे माहीत नव्हतं. तिच्या लेखी तो मराठीच होता. खरा घात वर्तमानपत्रांनी केलाय. 'मुख्यमंत्रिपदाचे प्रबळ दावेदार' हे हिंदीतून उचललं आणि शत्रूचा उमेदवार करून टाकला. आपला अर्थ आपल्या डोळ्यांदेखत मरतोय आणि आपण तो वापरायलाही घाबरायचं?

तिसरा प्रहर
मी पुण्यात वाढलो, पंचेचाळीस वर्षांचा आहे. 'दावेदार' म्हणजे शत्रू हे आज पहिल्यांदा ऐकलं. शब्द लोकांच्या तोंडी उरला नसेल तर दिवाळी अंकाच्या शीर्षकात तो जिवंत होत नाही.

पिंपळपार
आमच्याकडे जिवंत आहे. 'दावा धरून बसलाय' असं कालच ऐकलं.

गोदाकाठ
दावा आणि गुरांचं दावं एकच तर नसतील? एका गोठ्यात दोन मारके बैल वेगवेगळ्या दाव्याला बांधतात. जोर लावतात, पण दावं आडवं येतं म्हणून भिडत नाहीत. अण्वस्त्रांमुळे दोघे भिडले नाहीत, ते असंच.

साक्षेपी
चित्र सुंदर, व्युत्पत्ती चूक. दावं संस्कृत 'दाम'पासून. दोन्हींची गल्लत करू नका.

उत्तररात्र
दोरावरून आठवलं. २६ ऑक्टोबर १९६२ ला ख्रुश्चोव यांनी अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांना जे लांबलचक पत्र पाठवलं, त्यात दोरच आहे. युद्धाची गाठ बसलेल्या दोराची दोन टोकं आपण दोघांनी ओढू नयेत. जितकी ओढू तितकी ती आवळेल, आणि ज्याने ती गाठ मारली त्यालाही सुटणार नाही, कापावीच लागेल. हे पत्र वॉशिंग्टनला पुरतं पोचायला बारा तासांच्या आसपास गेले. सोव्हिएत राजदूत दोब्रीनिन यांनी नंतर सांगितलंय की त्यांच्या सांकेतिक तारा न्यायला तार कंपनीचा मुलगा सायकलवरून यायचा. जग टांगणीला लागलेलं आणि निरोप सायकलवर! पुढच्या वर्षी, जून १९६३ मध्ये दोन्ही राजधान्यांत थेट तारजोडणीचा करार झाला. लोक लाल टेलिफोन म्हणतात, पण ते टाइप करून पाठवायचं यंत्र होतं.

तिसरा प्रहर
मग 'रस्सीखेच' का नको? रोजच्या वापरातला शब्द, आणि ख्रुश्चोव यांच्या पत्रातलाच दोर.

कृष्णाकाठ
रस्सीखेचीत एक जिंकतो आणि सगळे हसत घरी जातात. शिवाय 'रस्सी' हिंदी. दोर म्हणा, दोरखंड म्हणा, सोल म्हणा.

तिसरा प्रहर
मघाशी अरबी चालत होतं, आता हिंदी चालेना?

रानजाई
ते पत्र माझ्या लेखातही उद्धृत केलंय! मी 'युद्धाची गाठ' लिहून पुढे गेले होते. 'निरगाठ' म्हणू का? सुटणारी ती सुरगाठ, न सुटणारी ती निरगाठ, असं माझ्या माहेरी म्हणतात.

पिंपळपार
निरगाठच. आमच्याकडे पोरीला परकराची नाडी बांधायला शिकवताना पहिलं वाक्य तेच, निरगाठ बसू देऊ नको.

गोदाकाठ
निरगाठीतला 'निर' म्हणजे नीर, पाणीच असणार. सुती दोराची गाठ भिजली की दातांनीही सुटत नाही.

साक्षेपी
पुन्हा पाणी? पुरावा?

गोदाकाठ
पुरावा आमच्या विहिरीवर आहे, सर. पोहऱ्याच्या दोराला पाण्याशी आलेली गाठ आणि काठावरची कोरडी गाठ, दोन्ही सोडवून बघा.

कृष्णाकाठ
आमच्याकडे पोहऱ्याला निरगाठ मारतच नाहीत, फासगाठ मारतात. तुमच्याकडे खरंच निरगाठ मारतात का?