मदत हवी आहे : अंदमान, पाच माणसं, पाच रात्री. फेब्रुवारी की मे?

वावरवाला
नमस्कार मंडळी. गाव आमचं यवतमाळ जिल्ह्यात, दारव्ह्याकडं. घरी कापूस, सोयाबीन, तूर. आजवरचा लांबचा प्रवास म्हणजे पंढरपूर आणि एकदा तिरुपती. यंदा आईबाबांना अंदमानला न्यायचं ठरवून राहिलो.

अंदमानच काहून, तर बाबांमुळं. मे महिन्यात आमच्याकडं पारा पंचेचाळीसच्या पार जातो, वावरात ढेकूळ हाताला चटका देते, अन् अशात आकाशवाणीवर बातमी येते : मान्सून अंदमानात दाखल. तिथून बाबांचं दिवस मोजणं सुरू. माझं वय चाळीस, तितकी वर्षं तर मीच पाहून राहिलो. गेल्या मे मध्ये ते ओसरीवर बसल्या बसल्या बोलले, "हे अंदमान आहे तरी कसं, एकदा पाहून तर येऊ." बाबांनी आजवर स्वतःसाठी मागितलेली ही पहिली गोष्ट असेल.

आता अडचणी सांगतो.

बाबा म्हणतात जायचं तर मे मध्येच, पाऊस पोचतो तेव्हा. मला वाटते तूर निघाल्यावर अन् हरभरा सोंगायच्या आधी, म्हणजे फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात वेळ आहे. बाबा ६७ वर्षांचे, गुडघे दुखतात. आई माळकरी, अंडंही चालत नाही. दारव्हा ते यवतमाळ एसटीत लिंबू हुंगत जाते, तिचं बोटीत काय होईन? बायको आणि ११ वर्षांचा पोरगा यांना समुद्राच्या तळाशी जायचं आहे. मी पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकलो, समुद्रात ते कामी येते का?

जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका एजंटानं कागद दिला. पाच रात्रींत सेल्युलर जेल, रॉस, नॉर्थ बे, बाराटांग, हॅवलॉक, नील, सगळं कोंबलं आहे. लग्नाच्या पंगतीत वाढप्यानं पत्रावळीवर एकदमच सगळं टाकावं तसं वाटून राहिलं. यातलं काय ठेवू, काय काढू? अनुभवी लोकांनी सांगा.

संत्रानगरी
भाऊ, मे विसरा. मान्सून अंदमानात येतो तो साधारण मेच्या तिसऱ्या आठवड्यात. तेव्हा समुद्र खवळतो, बोटी रद्द होतात, माणसं बेटावर अडकतात. अन् त्याच आठवड्यात तुमच्याकडं वखरणी, बियाण्याची धावपळ. बाबा तिथं हॉटेलात बसून इथल्या वावराचीच चिंता करतील. नागपूरहून विमान बदलून जावं लागेल, चेन्नई किंवा कोलकात्यावरून. मधला वेळ भरपूर ठेवा.

वर्धेची मावशी
मी दोनदा गेले, एकदा म्हाताऱ्या सासूबाईंना घेऊन, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

फेब्रुवारीच पक्का करा. ऑक्टोबर ते डिसेंबर तिकडं ईशान्येकडचा पाऊस आणि बंगालच्या उपसागरातली वादळं असतात. जानेवारी ते मार्च समुद्र शांत. तुमच्या आईसाठी हेच मोठं औषध. बाकी, सकाळची पहिली बोट घ्या, मधल्या भागात खालच्या मजल्यावर बसवा, पोट रिकामं नको आणि गच्चही नको. उलटीची गोळी गावच्या डॉक्टरांना विचारून अर्धा-पाऊण तास आधी. खासगी बोटी बंद आणि वातानुकूलित असतात, हॅवलॉकला दीड-दोन तासांत पोचतात. सरकारी बोट हळू जाते, पण डेकवर वारा लागतो. माझ्या सासूबाई सरकारी बोटीत क्षितिजाकडं बघत बसल्या आणि त्यांना काही झालं नाही. खासगीत मात्र मलाच झालं.

एक गोष्ट एजंट सांगत नाहीत. घड्याळ आपलंच, पण सूर्य आपल्यापेक्षा जवळपास तासभर आधी उगवतो आणि मावळतो. फेब्रुवारीत साडेपाचला सूर्य पाण्यात गेलेला असतो. "पाच वाजता चहा घेऊन बीचवर जाऊ" म्हणाल तर अंधारच पाहाल. हॅवलॉकच्या राधानगर किनाऱ्यावर चारपर्यंत पोचायचं.

नावांचा गोंधळ होऊ देऊ नका. २०१८ पासून हॅवलॉक म्हणजे स्वराज द्वीप, नील म्हणजे शहीद द्वीप, रॉस म्हणजे नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप. २०२४ मध्ये पोर्ट ब्लेअरचंही श्री विजयपुरम झालं. तिकिटावर एक आणि रिक्षावाल्याच्या तोंडी दुसरं असतं.

आता काय ठेवायचं. पहिल्या दिवशी फक्त सेल्युलर जेल आणि संध्याकाळचा ध्वनिप्रकाश कार्यक्रम, दुसरं काही नको. तुरुंगाचं बांधकाम १८९६ ला सुरू झालं आणि १९०६ ला संपलं. मधल्या मनोऱ्यापासून चाकाच्या आऱ्यांसारख्या सात इमारती होत्या, आता तीन उरल्या आहेत. एका इमारतीच्या कोठड्यांचं तोंड दुसरीच्या पाठीकडं, म्हणजे कैद्याला कैदी दिसू नये. सावरकरांची कोठडी वरच्या मजल्यावर टोकाला आहे, बाबांना जिने हळूहळू चढू द्या. पण घाईघाईत तिथंच धावू नका, आधी खाली तेलाच्या घाण्याजवळ थांबा. बैलाला जुंपायचं तिथं माणसं जुंपायचे. आमचा गाईड अर्धा तास बोलला. पण सासूबाईंचं माहेर शेतकऱ्याचं, त्यांनी नुसता दांडा पाहिला आणि पदर डोळ्याला लावला.

दुसऱ्या दिवशी हॅवलॉक, तिथं दोन रात्री. मग नीलला एक रात्र. परतल्यावर रॉस, अर्ध्या दिवसाचं काम. इंग्रजांचं मुख्यालय होतं ते. आता पडक्या चर्चच्या भिंती झाडांच्या मुळांनी धरून ठेवल्यात, आणि हरणं पायात येतात. पोरगा खूश होईल.

बाराटांग काढून टाका. पहाटे तीनला निघायचं, जाऊन-येऊन जवळपास दोनशे किलोमीटर, आईचं लिंबू पुरणार नाही. आणखी एक. काही एजंट "जारवा दिसतील" म्हणून ती सहल विकतात. जारवा म्हणजे तिथले मूळ आदिवासी. तो रस्ता त्यांच्या राखीव जंगलातून जातो, माणसं पाहायला नाही. थांबणं, फोटो काढणं, खायला देणं हा गुन्हा आहे, १९५६ चा कायदा आहे त्यासाठी.

जेवणाची चिंता नको. नील बेटावर बंगाली वस्ती, भाजीपाला तिथंच पिकतो. डाळ, भात, भाजी सगळीकडं मिळते. ऑर्डर देताना मात्र "मासा पण नको" हे वेगळं सांगा. काही ठिकाणी मासा मांसाहारात धरत नाहीत!

पाणबुड्या
स्कूबाला, म्हणजे पाठीवर हवेची टाकी लावून पाण्याखाली जायला, पोहता यायची गरज नसते. प्रशिक्षक मागून धरून ठेवतो, पहिल्या वेळी दहा-बारा मीटरच्या खाली नेत नाहीत. दमा, हृदयविकार, कानाचा त्रास असेल तर नाही. मुलासाठी वयाची अट त्या केंद्रात आधी विचारून घ्या. आणि डाइव्हिंग शेवटच्या दिवशी ठेवू नका. पाण्यातून वर आल्यावर विमानात बसायच्या आधी किमान १८ तास, शक्य तर पूर्ण दिवस जाऊ द्यावा. शरीरात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो, नाहीतर विमानात हवेचा दाब कमी झाला की त्याचे बुडबुडे होतात. म्हणजे हॅवलॉकलाच उरका.

विहिरीचं म्हणाल तर दादा, विहिरीला काठ असतो! लाटेशी भांडू नका, लाइफ जॅकेट घाला. काही किनाऱ्यांवर खाऱ्या पाण्यातल्या मगरींच्या पाट्या आहेत, तिथं पाण्यात पाय पण नको.

आईबाबांना हॅवलॉकच्या एलिफंट बीचचा स्पीडबोटीचा आटापिटा कशाला? नीलच्या भरतपूर किनाऱ्यावर काचेच्या तळाची बोट मिळते. बसल्या जागी प्रवाळ आणि मासे दिसतात, धोतर ओलं होत नाही.

खारफुटी
मावशींशी असहमत. बाराटांगला खारफुटीच्या बोगद्यातून बोट जाते, ते दृश्य मी विसरू शकत नाही. पुढं चुनखडीची गुहा. हॅवलॉकसारखे समुद्रकिनारे जगात पुष्कळ आहेत, हे नाही.

वर्धेची मावशी
खरं आहे. पण गुहेपर्यंत चालायचं आहे, आणि दुखरे गुडघे त्यांच्या बाबांचे आहेत, तुमचे नाहीत.

वावरवाला
सगळ्यांचे आभार. बाराटांग अन् नॉर्थ बे काढलं. एजंट म्हणे, "मग पैसे वसूल कसे होतील?" म्हटलं, आमचे बाबा पैसे वसूल करायला नाही येऊन राहिले. फेब्रुवारीचं आईनं लगेच मान्य केलं. बाबा दोन दिवस गप्प होते. मग बोलले, "म्हणजे पाऊस काही दिसणार नाही." आता यांना तिथं दाखवू तरी काय?

वर्धेची मावशी
राधानगरचा किनारा पश्चिमेच्या बाजूला आहे, आणि मान्सून नैऋत्येकडून येतो. सूर्य बुडाला की त्याच्या जरा डावीकडं बोट दाखवा, आणि सांगा, या अंगानं येतो. वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पडतो तिथं. आपल्या यवतमाळला हजाराच्या आसपास पडला तरी आपण आनंदात.

संत्रानगरी
सामानाचं लक्षात ठेवा. किनाऱ्यावरचे शिंपले, प्रवाळाचे तुकडे पोराला उचलू देऊ नका, विमानतळावर बॅगेत सापडले तर अडवतात. तिखट आणि शेंगदाण्याची चटणी हातातल्या पिशवीत नाही, मोठ्या बॅगेत. सुकं खोबरं तर मोठ्या बॅगेतही नाही, त्यात तेल असते म्हणून ते पेट घेणाऱ्या वस्तूंत धरतात. प्रत्येकाचं आधार कार्ड हाताशी. रोख थोडी जास्त ठेवा, छोट्या बेटांवर एटीएमचा भरवसा नको.

वावरवाला
तिकिटं काढली, सात फेब्रुवारी. बाबांना राधानगरचं सांगितलं. त्यांनी विचारलं, नैऋत्य म्हणजे आपल्या वावरात कोणती बाजू? म्हटलं, विहिरीकडची. "मग बरोबर आहे," म्हणे, "ढग तिकडूनच चढते."

आता फक्त एक विचारायचं राहिलं. आई दशम्या बांधून घेऊन राहिली, तीन दिवसांच्या. विमानात दशमीला मनाई तर नाही ना?